नाल्यातला कचरा दुसऱ्याचा, नोटीस मात्र शेतमालकाला: कायदा, दंड आणि पुढचा मार्ग

प्रश्न थोडक्यात असा. तुमचं शेत यावल तालुक्यात, फैजपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. शेताच्या कडेने नाला जातो. वर्षभरापासून रात्रीतून कुणीतरी ट्रॉल्या रिकाम्या करून जातं. आधी घर पाडल्याचा मलबा आला, मग चिकनच्या दुकानातली पिसं नि आतडी पोत्यांत बांधून, आणि आता केळीचे खांब. पोलीस ठाण्यात गेलात तर म्हणे, 'एनसी घेतो', म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद. वर ग्रामपंचायतीने तुम्हालाच नोटीस काढली: सात दिवसांत जागा साफ करा, नाहीतर दंड. तुमचं विचारणं असं की अशा लोकांना शिक्षा किती, तक्रार नेमकी कुठे करायची आणि या नोटिशीचं काय करायचं.

मी नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होतो. २९ वर्षं खान्देशातल्या दोन गावांत काढली. पावती पुस्तक घेऊन फिरलो, पंचनामे केले, कोर्टात साक्षी दिल्या, एक-दोनदा तोंडघशीही पडलो. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. या विषयात कायदा कमी नाही, कागद कमी पडतो.

सगळ्यात आधी नोटीस. तिला रागाने फाडू नका आणि घाबरून ढीग पेटवूही नका. पेटवणं ही सगळ्यात मोठी चूक. रोजचा वास नको म्हणून माणूस काडी लावतो आणि मग दोषी तोच ठरतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला दंड ठरवून दिला आहे: साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या ढिगाला २५,०००. कचरा कुणी टाकला हे सापडत नाही, काडी लावणारा मात्र लगेच सापडतो. ढीग उचलून रस्त्यापलीकडे लोटू नका, तेही टाकणंच झालं.

मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. एक पान पुरे. सोबत सातबारा जोडा. गट नंबर लिहा, ढीग गटाच्या आत आहे की नाल्यात हे स्पष्ट लिहा, कचरा मी टाकलेला नाही हे लिहा आणि आधी तोंडी का होईना कुणाला कधी सांगितलं होतं त्या तारखा लिहा. शेवटी एक मागणी करा: तलाठी आणि ग्रामसेवक यांनी जागेवर येऊन माझ्यासमक्ष पंचनामा करावा. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण अर्ज जुन्या नावानेही घेतात.) दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

हे उत्तर एवढं का महत्त्वाचं, तर मालकालाच नोटीस काढणं अगदीच बेकायदेशीर नसतं. जागा ज्याच्या ताब्यात, ती स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी त्याची, हे तत्त्व नगरपालिका असो की ग्रामपंचायत, सगळीकडे आहे. त्यामुळे ढीग खरोखर तुमच्या गटात असेल तर 'मी नाही टाकला' एवढ्यावर सुटका होत नाही. पण ढीग नाल्यात असेल तर सगळं चित्र बदलतं. गाव नकाशात दाखवलेला नाला, नदी, त्यांचं पात्र हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे शासनाचं. तिथला कचरा काढायची नोटीस तुम्हाला कशी? आपल्याकडे नाल्याचा काठ आणि शेताचा बांध यांतली रेघ पावसागणिक सरकत असते. म्हणून नकाशा काढून बघा. मी पाहिलेल्या निम्म्या भांडणांत जागा नेमकी कुणाची हे दोन्ही बाजूंना माहीतच नव्हतं.

आता तुमचे तीन ढीग. तिघांना 'कचरा' म्हणून एकाच अर्जात घालू नका. कचरा कशाचा, यावर कुठलं दार ठोठवायचं ते ठरतं.

पिसं-आतडीचं प्रकरण सगळ्यात घाण, पण कायद्याने सगळ्यात सोपं. कारण चिकनच्या दुकानाला अन्न परवाना लागतो आणि कचऱ्याची विल्हेवाट नीट लावणं ही त्या परवान्याचीच अट असते. म्हणजे दुकान सापडलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार जाते, आणि दुकानदार दंडापेक्षा परवान्याला जास्त घाबरतो. शिवाय कुत्री जमतात, पोती फोडतात, नाल्याचं पाणी खाली कुणाच्या विहिरीजवळ जातं. इथे भारतीय न्याय संहितेचं कलम २७१ लागू होऊ शकतं: जिवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग पसरेल असं हयगयीचं कृत्य, सहा महिन्यांपर्यंत कैद. हे दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाची वाट न बघता गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मलब्याचं वेगळं. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र नियम आहेत, १ एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. दोन्हींचं सार एकच: ज्याचं बांधकाम त्याचाच मलबा, तो आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा आणि ठरलेल्या जागीच न्यायचा. मलब्याचा फायदा असा की तो मुका नसतो. त्यात टाइलचा तुकडा असतो, जुन्या दाराचा रंग असतो, दुकानाच्या पाटीचा अर्धा पत्रा असतो. गावात गेल्या दोन महिन्यांत कुणाचं घर पाडलं हे शेंबडं पोरगंही सांगेल. बांधकाम परवानगीची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असतेच. रस्त्यावर मलबा सांडून वाट अडली असेल तर न्याय संहितेचं कलम २८५, दंड ५,००० रुपयांपर्यंत, हेही दखलपात्र.

केळीचे खांब... इथे मी तुमच्या बाजूने थोडा कमी आहे. रावेर-यावलकडचा माणूस म्हणून तुम्हालाही माहीत आहे की बागेवर सीएमव्ही (केळीचा विषाणूजन्य रोग) आला की शेतकरी रातोरात झाडं उपटतो. ती बागेत ठेवली तर रोग पसरतो, वाहून न्यायला मजूर नाही, मग जवळचा नाला. कायदा दाखवून त्याला जेरीला आणण्यात मला कधी रस नव्हता. त्याच्याशी बोला. खांबाचे तुकडे करून कुजवता येतात, धाग्याला घेणारे आहेत. आणि एक कडू गोष्ट सांगू? आधी आपला बांध बघा. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर, विहिरीच्या काठावर टाकायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये नियम ४४ आहे: रिकामी वेष्टनं उघड्यावर पडू द्यायची नाहीत, पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून लांब पुरायची. तुमच्या अर्जावर पंचनामा व्हायला लोक येतील तेव्हा बांधावरच्या तुमच्या बाटल्याही त्यांना दिसतील.

तरी खांबांनी नाला तुंबला आणि पाणी तुमच्या शेतात शिरायला लागलं, तर मात्र गप्प बसू नका. त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. नैसर्गिक वाहतं पाणी अडवणारा अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. लोक पावसाळाभर भांडतात, दिवाळीनंतर अर्ज करतात आणि मुदत गेलेली असते. खान्देशातल्या वकिलांना हा कायदा शेतरस्त्यासाठी तोंडपाठ असतो, पाण्यासाठी त्याची आठवण करून द्यावी लागते.

आता शिक्षा आणि दंड. याबद्दल व्हॉट्सॲपवर फार गोंधळ आहे.

एक मेसेज कायम फिरतो: 'कचरा टाकल्यास पाच वर्षं कैद, एक लाख दंड.' तो पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ च्या जुन्या कलम १५ चा. ती तरतूद आता तशी राहिलेली नाही. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये ती बदलली, १ एप्रिल २०२४ पासून अंमल. आता कैदेऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती, आणि ती कोर्ट नाही तर नेमलेला निर्णय अधिकारी लावतो. शास्ती भरलीच नाही तर पुढे कैदेचा विषय येतो. पंधरा लाख ऐकून खूश होऊ नका. एका ट्रॉलीसाठी कुणी तिथपर्यंत जात नाही. हा आकडा कारखान्यांसाठी, मोठ्या प्रमाणावर राजरोस टाकणाऱ्यांसाठी आणि कधी कधी खुद्द स्थानिक संस्थांसाठी आहे.

शहरात रोज जो फाटतो तो दंड फार छोटा. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका ड वर्गातल्या. शासनाने ठरवून दिलेल्या दरांप्रमाणे तिथे आणि नगरपालिकांत रस्त्यावर घाण केली तर १५० रुपये, थुंकलं तर १००, उघड्यावर शौचाला ५००. स्थानिक उपविधीत यापेक्षा वेगळी कलमं असतात, ती आपापल्या पालिकेत बघावीत. दीडशे रुपयांची पावती फाडताना माझ्याशी लोक अर्धा तास भांडलेत आणि त्या अर्ध्या तासात स्वतः पन्नासचा चहा प्यालेत. पण पावती नावावर फाटली की दुसऱ्या वेळी माणूस हात आखडतो, हे मी बघितलंय. पहिल्या पावतीचा खरा उपयोग नोंदीपुरताच.

प्लास्टिकचा दंड मात्र झोंबतो. राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. देशभराची एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरची बंदी १ जुलै २०२२ पासून. ढिगात बंदी असलेल्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या दिसल्या आणि मूळ दुकान किंवा कार्यालय सापडलं, तर दीडशेऐवजी पाच हजारांचं कलम लावता येतं. म्हणून पंचनाम्यात नुसतं 'कचरा' लिहू देऊ नका. काय काय आहे ते लिहायला लावा.

ताटल्यांवरून आठवलं. हिवाळ्यात आपल्याकडे भरीत पार्ट्या सुरू होतात. शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याची पुरी, कांद्याची पात, सगळं झकास. आणि दुसऱ्या दिवशी बांधावर द्रोण-पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत एक अट होती जी शहरातही फारशी कुणी पाळली नाही: परवाना नसलेल्या जागी शंभरापेक्षा जास्त माणसं जमवायची असतील तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा. मी स्वतः पार्टीला गेलो की गोणपाटाची दोन पोती घेऊन जायचो. लोक हसायचे. 'आले पावतीवाले.'

तेच २०१६ चे नियम आता मागे पडले, १ एप्रिल २०२६ पासून २०२६ चे घनकचरा नियम आले. दोन फरक तुमच्या कामाचे. जुने नियम मुख्यतः शहरांसाठी आणि जनगणनेत शहर ठरलेल्या मोठ्या गावांसाठी होते, साध्या ग्रामपंचायती त्यातून निसटायच्या. नव्यात ग्रामीण संस्थाही आल्या आहेत. आणि ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग करायचे आहेत. उघड्यावर टाकणं, जाळणं, पुरणं, नाल्यात सोडणं याला मनाई आधीही होती, आताही आहे. 'आम्हाला हे लागू नाही' असं ग्रामपंचायतीत कुणी म्हणालं तर हे सांगा.

आता पोलीस. 'एनसी घेतो' म्हणाले ते एका अर्थी बरोबर, कारण तुम्ही बहुधा नुसतं 'कचरा टाकून त्रास देतात' असं सांगितलं. सार्वजनिक उपद्रव म्हणून न्याय संहितेचं कलम २९२ लागलं तर ते अदखलपात्र, दंड हजार रुपयांपर्यंत. पोलीस नोंद करतात आणि तुम्हाला कोर्टाची वाट दाखवतात. तक्रार कशी लिहिली यावर पुढचं ठरतं. तुमच्या गटात घुसून टाकलं असेल तर फौजदारी अतिक्रमण, कलम ३२९, तीन महिन्यांपर्यंत कैद. त्यामुळे पिकाचं, ठिबकच्या नळ्यांचं नुकसान झालं असेल तर आगळीक, कलम ३२४. नुकसान वीस हजारांच्या वर गेलं की शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते, म्हणून नळ्यांची बिलं शोधून ठेवा. रस्ता अडला तर २८५, रोगाचा धोका असेल तर २७१. यातलं जे खरोखर घडलं तेवढंच लिहा. चढवून लिहिलेली तक्रार पहिल्याच साक्षीत उघडी पडते.

पाणी दूषित करण्याचं एक कलम आहे, २७९, सहा महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड. ते लावा असं सगळे सांगतात. पण त्यातले शब्द 'सार्वजनिक झरा किंवा जलाशय' असे आहेत. वाहती नदी, नाला त्यात बसत नाही, असे न्यायालयांचे फार जुने निकाल आहेत. गावतळं असतं, सार्वजनिक विहीर असती तर बसलं असतं. नाल्यासाठी योग्य दार म्हणजे जल प्रदूषण कायदा, १९७४ चं कलम २४. त्यात दोन गोष्टी तुमच्या फायद्याच्या. एक, प्रवाहात घाण सोडण्याइतकीच प्रवाह अडेल असं काही टाकण्यालाही मनाई आहे, म्हणजे मलबाही आला. दुसरी, त्या कायद्यात 'प्रवाह' म्हणजे वाहता किंवा सध्या कोरडा असलेला जलमार्ग. आपले नाले आठ महिने कोरडेच. 'साहेब, तिथे पाणीच नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. ही तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची, त्यांचं उप-प्रादेशिक कार्यालय जळगावात आहे. ढिगात सलाईनच्या बाटल्या, सुया, रक्ताळलेला कापूस दिसला तर त्यांना त्याच दिवशी फोन करा आणि हात लावू नका. दवाखान्याचा कचरा ४८ तासांहून जास्त साठवायचा नसतो, पिशवीवर बारकोड असतो, आणि त्यावरून दवाखाना कळतो.

पुराव्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळं अडतं.

एका लग्नसराईत नदीकाठी सकाळी ट्रॉलीभर पत्रावळ्या पडलेल्या सापडल्या. मुकादम म्हणाला, साहेब, उचलून टाकू. मी म्हटलं थांब. काठीने उकरलं. वरण-बट्टीचं खरकटं, त्याखाली आहेराची पाकिटं. पाकिटांवर देणाऱ्यांची नावं, आणि खाली चुरगळलेली लग्नपत्रिका: वर, वधू, तारीख, मंगल कार्यालय. तिथेच दोन दुकानदारांना पंच म्हणून बोलावलं, पाकिटं उघडी मांडून फोटो काढले, पत्रिका सील केली. कार्यालयाचा व्यवस्थापक आधी म्हणाला आमचं नाही. मग म्हणाला आचाऱ्याचं. आचारी म्हणाला, कार्यालयाने कचऱ्याचे पैसे वेगळे घेतले होते, ही बघा पावती. त्या पावतीने सगळं मिटलं. दंड भरला, आणि ट्रॉली परत भरून न्यायलाही लावली. दंडापेक्षा ते परत भरणं गावाने जास्त लक्षात ठेवलं.

दुसरं प्रकरण माझ्याच चुकीचं. मलब्याची ट्रॉली रंगेहाथ पकडली, खटला केला, आणि हरलो. पंच म्हणून मी घाईत पालिकेचेच दोन सफाई कामगार घेतले होते. फोटो मोबाइलवर होते, पण प्रिंट काढताना तारीख-वेळ गेली. समोरच्या वकिलाने एवढंच विचारलं, 'हा फोटो त्याच दिवशीचा कशावरून?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरायचो. आता जागा आणि वेळ फोटोवरच उमटवणारी ॲप आहेत, ती वापरा, आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपने पाठवलेली प्रत ही मूळ फाइल नव्हे.

तुमच्या बाबतीत ट्रॉली ओळखायची आहे. ट्रॉलीला नंबर नसतो, असला तर चिखलाने माखलेला. मागे 'मनुदेवी प्रसन्न' लिहिलंय असं एकाने मला साक्षीत सांगितलं होतं. यावल तालुक्यात तिसऱ्या ट्रॉलीवर तेच असतं. नंबर ट्रॅक्टरचा हवा, पुढचा. तो रात्री मिळत नाही, म्हणून रस्त्यावरचा पेट्रोल पंप, दूध डेअरी, केळी गोदाम यांचे कॅमेरे बघा. बहुतेक ठिकाणी चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, तेव्हा घटना घडली की त्याच दिवशी मालकाला भेटा. आणि कृपा करून रात्री एकट्याने ट्रॉली अडवू नका. दंडाच्या पावतीपायी जीव टांगणीला लावायची गरज नाही.

एवढं करूनही ग्रामपंचायत हलली नाही तर प्रांताधिकारी. तुमच्यासाठी ते फैजपूरला बसतात, रावेर आणि यावल दोन्ही तालुके त्यांच्याकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ लावून अर्ज करा, जुन्या फौजदारी संहितेत हेच कलम १३३ होतं. उपद्रव काढून टाका किंवा हजर होऊन कारण दाखवा, असा सशर्त आदेश ते काढतात. मनाई आदेश झाल्यावरही कुणी तेच करत राहिलं तर न्याय संहितेचं २९३ लागतं, सहा महिने साधी कैद. 'आमच्याकडे निधी नाही' हे उत्तर या कलमापुढे चालत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने हेच सांगून पाहिलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते फेटाळलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल आजही अर्जात लिहावा असा आहे. मी प्रांतांसमोर तो दोनदा वापरलाय, दोन्ही वेळा पुढची तारीख लवकरची मिळाली.

निधीचंच निघालं तर ग्रामसभेत एक प्रश्न विचारा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीला आलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पाण्यासाठी. तो कुठे खर्च झाला, घंटागाडी घेतली का, घेतली असेल तर ती का उभी आहे? प्रश्न लेखी द्या आणि इतिवृत्तात आला की नाही ते बघा. सरपंचांशी भांडून उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे कचरा टाकायला जागाच नसते, गायरानाचा वाद असतो, आणि तुमचा नाला त्यांना सोयीचा वाटतो.

हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्याला आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये. पण कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत, फार तर साठ दिवस वाढीव. एका-दोघा ट्रॉलीवाल्यांसाठी तिथे जाऊ नका, वेळ आणि पैसा जातो. जवळच्या शहराची गाडीच तुमच्या शिवारात रिकामी होते असं निघालं तर मात्र तेच दार. असं निघतं. मी नोकरीत असताना एका पालिकेच्या ठेकेदाराचा ड्रायव्हर डिझेल वाचवायला डेपोऐवजी निम्म्या वाटेवरच्या नाल्यात गाडी उलटी करायचा. वजनकाट्याच्या पावत्या मात्र डेपोच्या. त्या पावत्यांच्या वेळा आणि टोलवरच्या वेळा जुळवल्या तेव्हा सापडलं.

आणि आता एक उपाय, कायद्याच्या पुस्तकात नसलेला. ट्रॉली टाकणारा जागा निवडतो ती एका गोष्टीवरून: ट्रॅक्टर मागे घ्यायला वाव आहे का. रस्त्याच्या कडेला रुंद तोंड असलं, उतार असला, वर बाभळीची आडोशाची रांग असली की झालं. तुम्ही पाठवलेल्या जागेच्या फोटोत मला तेच दिसतंय, बांधाजवळ जवळपास वीस फूट मोकळं तोंड आहे. जेसीबी लावून आपल्या हद्दीच्या आत, रस्त्याच्या जागेला हात न लावता, दोन फूट खोल चर मारा. बैलगाडी आणि तुमचा ट्रॅक्टर जाईल एवढंच तोंड ठेवा आणि तिथे साखळी लावा. आधी पंचनामा, मग सफाई, मग चर, हा क्रम मोडू नका. चर मारताना जुना मलबा उकरला गेला तर त्यातलं टाइलचं एखादं खोकं बाजूला ठेवा. खोक्यावर दुकानाचं नाव आणि बॅच नंबर असतो, आणि त्या दुकानाच्या वहीत गिऱ्हाइकाचं.